डफडे, खंजिरी आणि आंजीचा उन्हाळा

विदर्भातील लोककलांवर लिहायला बसले की लेखणी आपोआप पूर्वेकडे, झाडीपट्टीकडे वळते. तिथली दंडार, वडशाच्या नाटक कंपन्या, मंडईच्या आणि शंकरपटाच्या रात्री यांवर पुष्कळ लिहून झाले आहे, आणि ते योग्यच आहे. वर्धा जिल्ह्याचा विषय निघाला की सेवाग्राम येते, पवनार येते, नई तालीम येते. या जिल्ह्यातल्या साध्या गावाला गाणेबजावणे असते की नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. गेले काही उन्हाळे मी वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आंजी (मोठी) या गावात आणि धामच्या खोऱ्यातल्या आसपासच्या खेड्यांत हिंडतो आहे. माझ्याकडे विद्यापीठाची पदवी नाही की प्रकल्पाचा निधी नाही. एक वही, एक जुना रेकॉर्डर आणि एसटीचा पास एवढ्यावर हे काम चालते. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

पहिला प्रश्न साधा होता. झाडीपट्टीत नाटकाचा हंगाम दिवाळीला सुरू होतो आणि होळीच्या सुमारास आटोपतो. आंजीकडे मात्र जुन्या माणसांना गाण्याबजावण्याच्या आठवणी विचारल्या की त्या बहुतेक उन्हाळ्यातल्या निघतात. एकाच विदर्भात हा फरक का असावा?

उत्तर शेतात आहे. झाडीपट्टी धानाची. धान कापून, मळून दिवाळीनंतर महिना-दीड महिन्यात घरात येतो. माणूस मोकळा होतो आणि कोठीत दाणा असतो. आंजीचा मुलूख कापसाचा. पुलगाव ते आर्वी ही अरुंद मापाची रेल्वे १९१७ मध्ये टाकली गेली ती कापसासाठीच. मृगात पेरलेली पऱ्हाटी दसरा-दिवाळीला फुटू लागते आणि वेचणी एकदा सुरू झाली की दुसरा वेचा, तिसरा वेचा करत माघ-फाल्गुनापर्यंत चालते. वेचणीला घरातल्या बायका, मुले, सगळेच लागतात. मधेच तूर येते, गहू-हरभरा येतो. धानवाला जेव्हा नाटक बघत असतो तेव्हा कापूसवाल्याच्या बायकोची बोटे बोंडाच्या टोकांनी सोललेली असतात. पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या, सालदाराचे साल पाडव्याला संपले, की मग मृगापर्यंत अडीच महिने वखरणीशिवाय मोठे काम नाही. कापसाचे पैसेही तोवर हातात आलेले असतात, निदान यावेत अशी अपेक्षा असते. फिरस्ते कलावंतही हे गणित जाणून होते. खडी गंमतवाले, बहुरूपी, डहाका मांडणारे आपापल्या वाटा पिकाच्या पैशावरून ठरवत.

दुसरे कारण मला एका म्हाताऱ्या वाजवणाऱ्याने समजावून दिले. ते इतके सरळ आहे की कोणत्या ग्रंथात शोधायची गरज नाही. चामड्याचे वाद्य हवेच्या ओलीवर चालते. पावसाळ्यात कातडे ओल धरते, सैल पडते, आवाज बसतो. थंडीत दव पडते, म्हणून वाजवणाऱ्याजवळ शेकोटी लागते आणि दर थोड्या वेळाने डफडे तापवावे लागते. वैशाखात वर्ध्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, रात्री बारा वाजतासुद्धा ओल नसते. कातडे आपोआप ताणलेले राहते. उन्हाळ्यातल्या डफड्याचा आवाज शिवेपलीकडच्या गावाला ऐकू जातो असे सांगतात, त्यात अतिशयोक्ती फारशी नसावी. दिवसा घराबाहेर पडणे अशक्य, म्हणून सगळे जगणे रात्रीकडे सरकलेले. अंगणात सडा टाकून बाजा मांडल्या की गल्ली हीच बैठक होत असे. वादकाला कोरडी हवा मिळे आणि ऐकणाऱ्याला झोप नसे. उन्हाळा हा गाण्याचा ऋतू व्हायला एवढे पुरे आहे.

आता डफड्याविषयी. लाकडी किंवा लोखंडी कडे, त्यावर ताणलेले कातडे, गळ्यात अडकवून एका जाड आणि एका बारीक काडीने वाजवायचे. लग्नाची वरात, देवीची मिरवणूक, मयत, गावात द्यायची दवंडी, या सगळ्यांना डफडे लागे. वाजवणारे मुख्यतः मांग समाजाचे आणि कित्येक गावांत महार समाजाचेही. इथे ‘लागे’ या क्रियापदावर थांबायला हवे. गावाला ते लागे, म्हणून त्यांना ते वाजवावे लागे. लग्न ज्याचे त्याच्या मांडवाबाहेर उभे राहून वाजवायचे, जेवण सगळ्यांचे झाल्यावर मिळायचे आणि मोबदला बहुधा धान्यात. ज्या हातांतली लय ऐकून वरात नाचे त्या हातांचा स्पर्श मात्र वरातीला चालत नसे. लोककलेच्या आठवणी काढताना आपण मध्यमवर्गीय माणसे हा भाग पटकन ओलांडून जातो. ‘पूर्वी काय डफडे वाजायचे!’ असे उद्गार मी आंजीकडेही पुष्कळ ऐकले. ते कोणाच्या तोंडून येतात याची मी वहीत नोंद ठेवत गेलो. वाजवणाऱ्यांच्या घरांतून ते फार थोडे आले.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. नागपूर इथून जवळ. वर्धा जिल्ह्यातून माणसे बैलगाडीने, रेल्वेने आणि पायीही गेली. परत आल्यावर कित्येक गावांत ज्या गोष्टी सोडल्या गेल्या त्यांत गावाचे डफडे वाजवणे ही एक होती. मेलेले ढोर ओढणे सोडले त्याच बैठकीत हेही सुटले. काही ठिकाणी यावरून गावाने रोजगार बंद केला, पाणी अडवले. कलेचा इतिहास लिहिणारा इथे अडचणीत येतो, कारण त्याच्या दृष्टीने एक परंपरा खंडित झालेली असते. मला विचाराल तर ही विदर्भाच्या संगीत इतिहासातली मोठी घटना आहे, आणि ती घडली वाजवायला नकार दिल्याने. त्या शांततेला परंपरेचा ऱ्हास म्हणणे मला जमत नाही.

शिवाय ती शांतता फार दिवस टिकलीही नाही. उन्हाळ्याच्याच पंचांगात १४ एप्रिल आला, वैशाखात बुद्ध पौर्णिमा आली. पेटी, ढोलक आणि बँजो घेऊन कव्वालीचे फड उभे राहिले. वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव पोचली, नागपूरकडच्या नागोराव पाटणकरांसारख्या गायकांनी रात्री जागवल्या. दोन पार्ट्यांचा सामना, सवाल-जवाब, हजरजबाबी रचना हा सगळा ऐवज जुन्या शाहिरीतून आणि खडी गंमतीतूनच आलेला होता. बदलली होती ती उभे राहण्याची जागा. मांडवाबाहेरचा माणूस आता मंचावर होता आणि बिदागी ठरवून घेत होता.

याच काळात गावाच्या दुसऱ्या भागात दुसरे एक चामडी वाद्य रुळले होते, ते म्हणजे खंजिरी. रचनेने ती डफड्याची धाकटी बहीणच. लहान कडे, कातडे, कड्याच्या खाचांत बसवलेल्या झांजा. डाव्या हातात धरून उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची. पूर्वी ती भिक्षा मागत फिरणाऱ्या भजन्यांच्या हातात दिसे. तिला गावाच्या मध्यभागी आणले ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी. त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा, एप्रिल १९०९ चा. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला आले आणि त्याच वर्षी त्यांच्या निमंत्रणावरून महाराज तिथे सुमारे महिनाभर राहिले. पुढे बेचाळीसच्या आंदोलनात तुरुंगवास, मोझरीचा गुरुकुंज, १९५५ मधली ‘ग्रामगीता’ आणि तिचे एक्केचाळीस अध्याय हे सर्व वाचकांना माहीत आहे.

मला महत्त्वाचे वाटते ते निराळे. डफडे जन्माने हातात येत होते, खंजिरी आवडीने. कुणबी, तेली, माळी, न्हावी, कोणाच्याही पोराने ती उचलावी; विटाळ नाही आणि सक्तीही नाही. पेटीला पैसे लागतात, तबल्याला गुरू लागतो. खंजिरी स्वस्त, खिळ्याला टांगता येते आणि मुलगा दोन महिन्यांत भजनाला साथ देण्याइतका तयार होतो. दोन महिने म्हणजे शाळेची उन्हाळी सुटी. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तेव्हा ही सुटी इथे थोडी लांबच. गुरुदेव सेवा मंडळाने ती नेमकी हेरली. मे महिन्यात होणाऱ्या सुसंस्कार शिबिरांत पहाटे सामुदायिक ध्यान, मग व्यायाम, लाठी, ग्रामगीतेचे पाठ, दुपारी पेटी-खंजिरीचा वर्ग, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना असा क्रम असतो. मोझरीला मोठे शिबिर, आणि खेड्यापाड्यांत शाळेच्या खोल्यांत किंवा देवळाच्या सभामंडपात लहान शिबिरे. आज पन्नाशी-साठीत असलेले या भागातले कितीतरी भजनी गायक अशाच एखाद्या शिबिरातून निघालेले मला भेटले.

महाराजांची जयंती ३० एप्रिलला ‘ग्रामजयंती’ म्हणून होते. जन्मदिवस आपला न करता गावाचा करा, ही कल्पना त्यांचीच. त्या दिवशी पहाटे गाव झाडायचे, दारापुढे सडा-रांगोळी घालायची, रामधून काढायची, रात्री खंजिरी भजन. उन्हाळ्यातच हा दिवस यावा हा योगायोग, पण कामाचा योगायोग. खरिपाच्या तोंडावर असा दिवस कोणी पाळला नसता.

ही सर्वसमावेशकता कागदावर जितकी दिसते तितकी गावात असते का? माझे निरीक्षण मिश्र आहे. प्रार्थनेला सगळे एका सतरंजीवर बसतात हे खरे, आणि सत्तर वर्षांपूर्वी ही लहान गोष्ट नव्हती. तरी चौदा एप्रिलच्या मंचासमोरची गर्दी आणि तीस एप्रिलच्या भजनासमोरची गर्दी यांत सारखे चेहरे मी मोजू लागलो तेव्हा ते फार झाले नाहीत. दोन आठवड्यांच्या अंतरावरचे दोन उत्सव, एकाच गावात, आणि गायक क्वचितच एकमेकांच्या मंचावर जातात. अपवाद पोरांचा आहे. पेटी वाजवणारा चांगला पोरगा दोन्हीकडे हवा असतो आणि तो दोन्हीकडे जातो.

बायकांचा उन्हाळा वेगळाच. सकाळी ऊन चढायच्या आत कुरड्या, शेवया, सरगुंडे, मुंगवड्या. एकटीने होणारे हे काम नाही, म्हणून आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. लग्नघरी हळदीची गाणी. ही गाणी कोणाच्या वहीत नसतात, आणि मी पुरुष असल्यामुळे मला ती दाराआडूनच ऐकायला मिळाली. त्यामुळे या लेखात त्यांना त्यांच्या योग्यतेची जागा मिळत नाही. ते काम एखाद्या बाईनेच करायला हवे. मात्र एक बदल मी पाहिला आहे. महिला भजन मंडळे वाढली आणि खंजिरी त्यांच्या हातात आली. काही गावांत पुरुषांचे मंडळ बंद पडून केवळ बायकांचे उरले आहे.

बंद का पडले, याची कारणे दर गावात वेगळी सांगितली जातात. टीव्ही-मोबाइल हे पहिले उत्तर, पण मला ते अपुरे वाटते. सोयाबीन आले आणि पैसा दिवाळीला येऊ लागला, चैत्रातला खिसा हलका झाला. बीटी कापसाला २००२ मध्ये मान्यता मिळाली, खर्च वाढला. उन्हाळा हा पुढच्या बियाण्याची उसनवारी करण्याचा काळ झाला. ज्याला मे महिन्यात सावकाराच्या किंवा बँकेच्या दारात बसायचे आहे तो रात्री भजनाला निवांत बसत नाही. आणि कुलर. हे ऐकून लोक हसतात, पण २००५ च्या आसपास भारनियमनात रात्र-रात्र वीज जात होती त्या वर्षांत अंगणे पुन्हा भरली होती, हे बऱ्याच जणांनी आपण होऊन सांगितले. वीज सुधारली, कुलरच्या ताट्या भिजल्या, दारे लागली. उकाड्यात तडफडणाऱ्या म्हाताऱ्याला कुलर नको म्हणण्याचा अधिकार मला नाही.

डफड्याचे मात्र उलटे झाले आहे. शहरांतल्या मिरवणुकांत त्याला पुन्हा मागणी आहे. तरुण पोरांची पथके एकसारखे सदरे घालून, आगाऊ रक्कम घेऊन वाजवायला जातात. काही घरांतल्या वडीलधाऱ्यांना हे पटत नाही. आम्ही टाकले ते तुम्ही उचलता, असा त्यांचा राग आहे. पोरांचे म्हणणे असे की आम्हाला कोणी बोलावून घेत नाही, आम्ही भाव सांगतो. एकाच ओसरीवर हा वाद मी दोनदा ऐकला. दोन्ही वेळा वडीलधारे उठून आत गेले आणि पोरे डफडे तापवायला लागली, भर एप्रिलात, गरज नसताना.

माझी सध्याची धडपड वह्यांसाठी आहे. भजनी मंडळातल्या प्रत्येक गायकाची एक वही असे: शाळेची दोनशे पानी, पुठ्ठ्याला खाकी कागद, निळ्या शाईत भजने, समासात चालीची खूण. चाल लिहायची पद्धत मोठी मजेची. जुन्या सिनेमाच्या गाण्याचे नाव, किंवा दुसऱ्या भजनाचे, किंवा नुसते ‘आर्वीवाल्यांची चाल’. शब्द छापील पुस्तकांत मिळतील, पण ही समासातली टिपणे कुठेही छापलेली नाहीत, आणि त्यांवरूनच कळते की कोणती चाल कोणत्या गावातून कोणत्या गावात गेली. गायक गेला की वही रद्दीत जाते. आतापर्यंत एकोणीस वह्यांची पाने मी मोबाइलवर उतरवून घेतली. कव्वालीवाल्यांच्या वह्या त्यांत चारच आहेत. त्या मिळवणे कठीण जाते, कारण स्वतः रचलेली गाणी दुसऱ्याच्या हाती द्यायला कवी कचरतो, आणि तसे फसवले गेल्याचे अनुभव त्यांच्यापाशी आहेत. अशा वेळी मी फोटो मागत नाही. कवीने गाणे म्हणून दाखवावे, मी ऐकावे आणि समासात काय लिहिले आहे तेवढे विचारून घ्यावे, असे आमचे ठरले आहे. येत्या चैत्रात उरलेल्या सहा घरी जायचे आहे.