गाऊट आणि रक्तदाबाच्या गोळ्या

गाऊटमध्ये रक्तातले युरिक ॲसिड वाढते, त्याचे स्फटिक सांध्यात साचतात आणि बहुधा पायाचा अंगठा रातोरात सुजतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या हे ॲसिड आणखी वाढवतात. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायाझाइड ही लघवी वाढवणारी औषधे त्यांत ठळक. टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या औषधाच्या काही संयुक्त गोळ्यांत ती असतात, पण वेष्टन कोण वाचतो! उलट लोसार्टन या रक्तदाबाच्याच गोळीने युरिक ॲसिड थोडे उतरते.

खरा धोका गाऊटच्या दुखण्यावर घेतलेल्या वेदनाशामकांचा. डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथॅसिनने मूत्रपिंडात येणारे रक्त कमी होते, रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या गोळ्यांनी मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब उतरतो, लघवीच्या गोळीने शरीरातले पाणी घटते. तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते. चेन्नईत मे महिन्यातल्या 'अग्नि नक्षत्रम' या कडक उन्हाळ्याच्या दिवसांतल्या दमट उकाड्यात घामानेच पाणी कमी झालेले असते. त्यामुळे तिथे हे त्रिकूट अधिक घातक. शिवाय वेदनाशामकांनी रक्तदाबही चढतो.

गाऊटवरचे कोल्चिसिन हे व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम या रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत घेतल्यास शरीरात साचते: आधी जुलाब-उलट्या, पुढे स्नायू आणि अस्थिमज्जेला इजा. युरिक ॲसिड कमी करणाऱ्या ॲलोप्युरिनॉलसोबत रामिप्रिलसारखे औषध वा थायाझाइड असल्यास, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असताना, ॲलर्जीचा धोका वाढतो. अंगावर पुरळ उठताच ॲलोप्युरिनॉल थांबवून डॉक्टरांना गाठावे लागते. रक्तदाबाची गोळी मात्र परस्पर बंद करायची नसते. ती बदलायची की नाही, हे क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासून डॉक्टर ठरवतात.