फेजचें विद्यापीठ आणि ज्ञानकोशाचे साक्षीदार

मोरोक्को देशांत फेज नांवाचें एक प्राचीन शहर आहे. त्याच्या तटबंदीच्या आंत, अरुंद गल्ल्यांच्या जाळ्यांत, हिरव्या कौलांची एक विस्तीर्ण मशीद उभी आहे. तिचें नांव अल्-करवीयीन. या मशिदीच्या आश्रयानें शतकानुशतकें चालत आलेली धर्मविद्येची परंपरा आज त्याच नांवाच्या विद्यापीठाच्या रूपानें नांदत आहे. या संस्थेविषयीं एक वाक्य जगभर फिरत असतें : जगांतील सर्वांत जुनें विद्यापीठ फातिमा अल्-फिहरी नांवाच्या एका स्त्रीनें इ. स. ८५९ सालीं स्थापिलें. वाक्य ऐकावयास गोड आहे. मुलींच्या शाळेच्या बक्षीससमारंभांत तें हटकून टाळ्या घेईल. परंतु एवढ्याशा वाक्यांत चार विधानें दडलेलीं आहेत. स्थापना करणारी व्यक्ति कोण, साल कोणतें, स्थापिलें तें काय, आणि सर्वांत जुनें तें कोणाच्या मतें? महाजालावरील विकिपीडिया या ज्ञानकोशांत या संस्थेचा लेख सुधारावयास जो बसतो, त्यास या चार प्रश्नांकरितां निरनिराळे साक्षीदार बोलवावे लागतात.

विकिपीडिया इंग्रजींत २००१ सालीं सुरू झाला. मराठी आवृत्ति २००३ सालची. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ विभाग ज्यांच्या घरीं कांचेच्या कपाटांत उभे आहेत, त्यांस हा नवा प्रकार प्रथमदर्शनीं अराजकाचा वाटेल. तेथें संपादकाचें नांव आणि त्याची विद्वत्ता हीच हमी होती. येथें कोणीहि यावें, नांव सांगावें अथवा न सांगावें, आणि लेखांतील वाक्य बदलावें. प्रत्येक फेरफार केव्हां झाला व कोणत्या खात्यावरून झाला याची नोंद लेखाच्या इतिहासांत राहते, आणि मतभेदाचा निकाल चर्चापानावर लागतो, हें खरें. पण नुसत्या पहाऱ्यानें सत्य हातीं लागत नाहीं. म्हणून तेथें एक कडक नियम आहे. लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या ज्ञानास कांहींच वजन नाहीं. जें विधान वादग्रस्त आहे अथवा होण्याजोगें आहे, तें प्रसिद्ध झालेल्या विश्वसनीय ग्रंथाच्या खुंटीस बांधलें पाहिजे. आणि ग्रंथांतून जेवढें निघतें, त्याहून एक पाऊलहि पुढें टाकतां कामा नये. स्वतंत्र संशोधनास तेथें मज्जाव आहे.

धर्मपीठांच्या बाबतींत हा नियम पाळणें विशेष अवघड जातें. अशा संस्थेविषयींच्या लेखाकडे भक्तहि धांवतो आणि निंदकहि धांवतो; एकास तिची थोरवी वाढवावयाची असते, दुसऱ्यास ती खुडावयाची असते. शिवाय संस्थेचीं स्वतःचीं पत्रकें हाताशीं तयार असतात. शाखा किती, अभ्यासक्रम कोणते, मुख्य इमारत कोठें, इतक्यापुरतीं तीं चालतात. थोरवीच्या बाबतींत मात्र चालत नाहींत. स्थळाची चौकशी कोणी वराच्या मामाकडे करीत नाहीं. तेथें संस्थेशीं देणेंघेणें नसलेल्या अभ्यासकाचा ग्रंथच पाहावा लागतो.

आतां ८५९ हें साल घेऊं. तें येतें इब्न अबी झर याच्या बखरींतून. बखर सांगते कीं कैरवान नगरांतून फेज येथें येऊन राहिलेल्या एका श्रीमंत गृहस्थास फातिमा व मर्यम अशा दोन मुली होत्या. वारशानें आलेलें धन धर्मकार्यीं लावावें असें दोघींनीं ठरविलें. फातिमेनें कैरवानकरांच्या वस्तींत मशीद बांधिली, तीच करवीयीन. मर्यमनें नदीपलीकडे अंदालुसियाहून आलेल्या लोकांच्या वस्तींत दुसरी बांधिली. हिजरी सन २४५ च्या रमजान महिन्यांत काम सुरू झालें आणि तें पुरें होईपर्यंत फातिमा रोज उपवास करीत राहिली, असेंहि बखरकार लिहितो. कथा सुंदर आहे. परंतु बखर चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील. म्हणजे घटना व लेखन यांत सुमारें साडेचारशें वर्षें गेलेलीं. दोन तीरांवरच्या दोन थोर मशिदी आणि त्यांच्या दोन सख्ख्या बहिणी, ही इतकी नेटकी जुळणीच कांहीं इतिहासकारांस संशयास्पद वाटते.

त्यांतच विसाव्या शतकांत, मशिदीच्या दुरुस्तीच्या वेळीं, नंतरच्या गिलाव्याखालीं झांकलेला एक कोरीव लेख उजेडांत आला. लेख देवदाराच्या लांकडावर, कूफी लिपींत आहे. त्यांत मशीद बांधविल्याचें श्रेय इद्रिस राजवंशांतील दाऊद याच्याकडे जातें, आणि काळ हिजरी २६३ हा, म्हणजे इ. स. ८७७ हा येतो. फातिमेचें नांव त्यांत नाहीं.

येथें संपादकाची कसोटी लागते. लांकडी लेख जुना, बखर अर्वाचीन. तेव्हां बखर खोटी, असा निकाल देण्याचा मोह सहज होतो. परंतु त्याच मशिदीवर दाऊदानें मागाहून काम करविलें असेल, असाहि तर्क संभवतो. कोणता तर्क बळकट, हें ठरविणें अभ्यासकांचें काम. ज्ञानकोशकारानें तें त्यांच्या हातून हिसकावून घेऊं नये. त्यानें फातिमेस पुसूनहि टाकूं नये आणि वाक्य जसेंच्या तसें ठेवूंहि नये. "स्थापिली" या क्रियापदाऐवजीं "स्थापिली असें इब्न अबी झर सांगतो" एवढें लिहावें, बखरीचें शतक सांगावें, आणि पुढच्याच वाक्यांत लांकडी लेख मांडावा. एवढ्या बदलावरून चर्चापानावर महिनेच्या महिने कलह माजूं शकतो. कारण उघड आहे. एका मुस्लिम स्त्रीचा मान हिरावला जातो, असें एका पक्षास मनापासून वाटतें, आणि तें वाटणें तुच्छ नव्हे.

दुसरा वाद "विद्यापीठ" या शब्दाचा. युनेस्कोनें फेजचें जुनें शहर १९८१ सालीं जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. त्याच्या वर्णनांत या शहरीं जगांतील सर्वांत जुनें विद्यापीठ असल्याचें म्हटलें आहे. उलट जॉर्ज मकदिसी यांच्यासारखे पंडित म्हणतात कीं युनिव्हर्सिटी ही मध्ययुगीन युरोपची विशिष्ट घडण होय. ती गुरुशिष्यांचा कायद्यानें मान्य झालेला संघ असे व पदवी संघ देई. करवीयीनमध्यें गुरु मशिदीच्या खांबाशीं बसे, शिष्य भोंवतीं कडें करीत, आणि अमुक ग्रंथ शिकविण्याची अनुज्ञा तो गुरु व्यक्तिशः देई. मकदिसींस पूर्वग्रहदूषित म्हणतां येत नाहीं. युरोपीय वादपद्धतीवरील इस्लामी विद्यालयांचें ऋण दाखविण्यांतच त्यांचा ग्रंथ खर्ची पडला आहे. करवीयीन मोरोक्कोच्या सरकारी शिक्षणव्यवस्थेंत आली ती १९६३ सालीं, आणि विद्यापीठ हें नांव १९६५ सालीं मिळालें. कैरोच्या अल्-अझहरची पुनर्रचनाहि १९६१ ची. पण युरोपनेंहि फार ताठ्यानें बोलूं नये. बोलोन्या विद्यापीठाचें १०८८ हें साल कार्दुच्ची या कवीच्या अध्यक्षतेखालील समितीनें एकोणिसाव्या शतकांत मुक्रर केलेलें आहे. १८८८ सालीं आठशेंवा उत्सव थाटानें साजरा झाला.

फेजच्या लेखांत आणखी एक पाहुणा वरचेवर डोकावतो : ९९९ सालीं पोप झालेला गेर्बेर. तो येथें शिकला आणि येथूनच अंक युरोपांत घेऊन गेला, असें छातीठोकपणें लिहिलें जातें. गेर्बेरचें शिक्षण स्पेनच्या उत्तरेस कातालोनियांत झालें, हें त्याच्या समकालीन इतिहासकाराकडून कळतें. फेजच्या मुक्कामास तसा आधार नाहीं. अशीं विधानें टिकतात तीं एका चमत्कारिक चक्रामुळें. ज्ञानकोशांत कोणीतरी निराधार वाक्य घालतो, वृत्तपत्र तें उचलतें, आणि पुढें तेंच वृत्तपत्र त्या वाक्याखालीं आधार म्हणून येऊन बसतें. सावकार आणि जामीन एकच! म्हणून संदर्भ पाहतांना त्याची तारीख पाहावी, आणि वाक्य लेखांत आधीं आलें कीं वृत्तपत्रांत, हें लेखाच्या इतिहासावरून ताडावें.

मराठींत हा लेख उतरविणाऱ्यास एक निराळाच पेंच पडतो. आपला विद्यापीठ हा शब्द सैल आहे. नालंदेसहि तो बसतो आणि मुंबईसहि. त्यामुळें इंग्रजींत ज्या शब्दावर लढाई झाली, ती मराठींत न लढतांच संपते, आणि वाचकास वादाचा पत्ताहि लागत नाहीं. यास्तव आरंभींचें वाक्य थोडें लांबवावें लागेल : "अल्-करवीयीन ही फेज येथें नवव्या शतकांत बांधिलेली मशीद व तिच्या आश्रयानें वाढलेलें विद्यास्थान असून १९६५ पासून तें विद्यापीठ या नांवानें चालतें, युनेस्को त्यास जगांतील सर्वांत जुनें विद्यापीठ म्हणते, कांहीं इतिहासकारांस हें मान्य नाहीं." फातिमेची हकीकत त्याच्या खालीं, बखरकाराच्या नांवासह.