राणीची नौका, शिंद्यांची बोट आणि आपली 'विक्रांत'

लेखमाला : निवृत्तीनंतरची वाहनं, भाग ६

१९४७ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजकन्येचं, म्हणजे पुढे राणी झालेल्या दुसऱ्या एलिझाबेथचं, लग्न होतं. हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान यानं लंडनच्या कार्तिए या जवाहिऱ्यांच्या पेढीला निरोप धाडला, की राजकन्येच्या मनाला येईल तो दागिना तिला निवडू द्या. तिनं हिऱ्यांचा हार निवडला. आजही तो निजामाच्याच नावानं ओळखला जातो. आज लातूर जिल्ह्यात असलेली देवणी त्या वेळी निजामाच्या मुलखात, बीदर जिल्ह्यात मोडायची. देवणी, उदगीर, निलंगा या पट्ट्यातला शेतसारा हैदराबादलाच जायचा. त्यामुळे ज्या राणीच्या नौकेबद्दल आज वाचायचं आहे, तिच्या गळ्यातल्या हाराशी मांजरा नदीकाठच्या शेतकऱ्याचं, लांबचं का होईना, नातं लागतं.

निजामाकडे सगळं होतं, समुद्र नव्हता. १९३७ साली 'टाइम' साप्ताहिकानं ज्याला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं, त्याच्या राज्याला स्वतःचं एक बंदर नव्हतं. स्वतंत्र राहण्याच्या हट्टापायी त्यानं पोर्तुगिजांकडे गोव्यासाठी खटपट करून पाहिली, पण ती फळाला आली नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला राज्यच संपलं. मराठवाड्याच्या राजाची नौका शोधायला गेलं तर ती सापडत नाही ती यामुळे.

मराठी राजाची बोट मात्र होती. तिच्याकडे वळण्याआधी राणीची नौका पाहून घेऊ, कारण निवृत्त जहाज नीट सांभाळलं तर काय होतं, ते तिच्याकडे पाहून कळतं.

एडिंबरो शहराला लागून लीथ नावाचं जुनं बंदर आहे. तिथल्या 'ओशन टर्मिनल' या मॉलमधून तिकीट काढून माणूस 'ब्रिटानिया'वर पोचतो. गडद निळा रंग, कडेनं सोन्याच्या वर्खाची एक बारीक रेघ, १२६ मीटर लांबी. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन कंपनीनं ती बांधली आणि १६ एप्रिल १९५३ रोजी दुसऱ्या एलिझाबेथनं तिला पाण्यात सोडलं. नाव काय ठेवणार, हे त्या क्षणापर्यंत गुपित होतं. पुढची ४४ वर्षं ती जगभर फिरली. दहा लाख सागरी मैलांहून जास्त अंतर तिनं कापलं. मधुचंद्राला गेलेले चार्ल्स-डायाना तिच्यावर होते आणि १९९७ च्या जुलैत हाँगकाँग चीनच्या हवाली करून परतणारा शेवटचा गव्हर्नरही तिच्यावरूनच निघाला.

पाहणी वरून सुरू होते. आधी कप्तानाचा पूल (ब्रिज) लागतो, मग माणूस मजला-मजला खाली उतरत जातो. इथे एक गंमत कळते. पुलावर सुकाणूचं चाक नाही. हुकूम नळीतून खाली जायचा आणि सुकाणूवाला खालच्या खोलीत बसून चाक फिरवायचा. ते चाकही जुनं आहे, १८९३ सालच्या 'ब्रिटानिया' याच नावाच्या शर्यतीच्या शिडाच्या नौकेवरचं. पाचव्या जॉर्जला ती नौका इतकी प्रिय होती, की आपल्या पश्चात ती कुणाच्या हाती पडू नये अशी त्याची इच्छा होती. त्यानुसार १९३६ साली तिला समुद्रात नेऊन बुडवण्यात आलं. एक 'ब्रिटानिया' प्रेमापोटी बुडवली गेली, दुसरी प्रेमापोटी राखली गेली आणि पहिलीचं चाक दुसरीत बसलेलं आहे.

राणीची खोली पाहून बहुतेकांना नवल वाटतं. एकाच माणसाची अरुंद खाट, साधं टेबल, फुलाफुलांचं कापड. शेजारची नवऱ्याची खोलीही तशीच, फक्त त्याच्या उशीला लेस नको अशी त्याची ताकीद होती. जहाजभर दोघांसाठीचा पलंग एकच आणि तो मधुचंद्राच्या खोलीत. सजावटकार ह्यू कॅसन यांनी मुद्दाम साधेपणा ठेवला. सागवानी तक्तपोशीची, मागच्या डेककडे उघडणारी एक छोटी बैठक राणीला सगळ्यात आवडायची. सकाळचा नाश्ता आणि दुपारचा चहा तिथे व्हायचा.

मेजवानीचं दालन मात्र खरोखर राजेशाही आहे. ५६ पानं मांडायला तीन तास लागायचे, कारण प्रत्येक सुरी, काटा आणि पेला पट्टी धरून मोजून ठेवला जायचा. आजही टेबल तसंच मांडून ठेवलेलं आहे. पाहणारा टेबलाच्या टोकाशी उभा राहून एक डोळा मिटून बघतो आणि पेल्यांच्या कडा शेवटपर्यंत एका रेषेत दिसतात. भिंतींवर देशोदेशींहून आलेल्या भेटी आहेत.

दालनं ओलांडून पुढे गेलं की खलाशांची बाजू लागते आणि या संग्रहालयाचा खरा चांगुलपणा इथे दिसतो. एखादा राजवाडा पाहायला गेलं तर सिंहासन दाखवतात, मुदपाकखाना बंद असतो. इथे धोबीखाना, इंजिनखोली, दवाखाना, खलाशांची दाटीवाटीची निजायची जागा, सगळं उघडं आहे. सुमारे २२० खलाशी आणि २० अधिकारी यावर राहायचे. १९७३ पर्यंत खलाशी टांगलेल्या झोळीत झोपायचे. पायांत रबरी तळव्यांचे बूट, म्हणजे राणीच्या डोक्यावर धप्‌धप्‌ व्हायला नको. डेकवर हुकूम ओरडून द्यायचा नाही, हातानं खूण करायची. राजघराण्याच्या खोल्यांजवळची धुलाई-पुसाई सकाळी आठच्या आत उरकायची. इंजिनखोलीतलं पितळ इतकं लखलखीत, की आखाती युद्धातला अमेरिकी सेनापती श्वार्झकॉफ ती पाहून, 'हे संग्रहालय झालं, आता खरं इंजिन दाखवा' अशा अर्थाचं काही बोलल्याचं सांगतात. तेव्हा ती अजून चालती नौका होती.

नौकेची एक दुसरी नेमणूक कागदावर होती. युद्ध पेटलं तर तिचं रुग्णालय करायचं, असा आराखडा बांधतानाच आखलेला होता. ती वेळ कधी आली नाही. पण १९८६ च्या जानेवारीत दक्षिण येमेनमध्ये यादवी पेटली तेव्हा जवळून जाणारी 'ब्रिटानिया' एडनच्या किनाऱ्याशी थांबली आणि निरनिराळ्या देशांच्या हजारावर माणसांना तिनं बाहेर काढलं. ज्या दिवाणखान्यात राजेरजवाडे बसायचे, तिथे त्या वेळी निर्वासित झोपले.

आता शिंद्यांची बोट.

१८९१ पासून कॅनडाच्या पॅसिफिक कंपनीची 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाची प्रवासी बोट व्हँकूव्हर, जपान, हाँगकाँग अशा फेऱ्या करत होती. पहिलं महायुद्ध पेटलं आणि १९१४ च्या अखेरीस ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली. कण्हेरखेडच्या पाटलांच्या घराण्यातल्या या राजानं तिचं नाव 'लॉयल्टी' ठेवलं आणि जखमी हिंदी शिपायांसाठी तिचं रुग्णालय केलं. 'ब्रिटानिया'च्या बाबतीत जे कागदावर राहिलं, ते शिंद्यांच्या बोटीनं युद्धभर केलं. आकारातही दोघी जवळजवळ बरोबरीच्या, 'लॉयल्टी' ५,९०५ टनांची आणि 'ब्रिटानिया' ५,७६९ टनांची.

युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद या बोटीच्या मागे लागले. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना जोडीला घेऊन त्यांनी ती विकत घेतली, जहाज कंपनी उभी केली आणि बोटीच्या मालकाच्या नावावरून कंपनीला 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन' म्हटलं. ५ एप्रिल १९१९ ला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. हिंदी मालकीची बोट गोऱ्या कंपन्यांच्या मक्त्यात शिरली, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच प्रवासाच्या आठवणीत. पण दिवस राहिला, बोट राहिली नाही. जुनी, कोळसा खाणारी ती बोट परवडेना आणि १९२३ मध्ये मुंबईतच ती मोडली गेली. ती सांभाळावी हा विचार त्या काळी कुणाच्या मनात येणं कठीणच होतं, हे मान्य करावं लागतं.

'विक्रांत'च्या बाबतीत तीच सबब चालत नाही.

योगायोग असा, की 'विक्रांत' आणि 'ब्रिटानिया' एकाच वर्षी निवृत्त झाल्या. 'विक्रांत' ३१ जानेवारी १९९७ ला, 'ब्रिटानिया' ११ डिसेंबर १९९७ ला. त्या दिवशी राणी पोर्ट्समथला दुपारी ३ वाजून १ मिनिटानं उतरली आणि नौकेवरची सगळी घड्याळं तिथेच थांबवली गेली. ती अजून तीच वेळ दाखवतात. लंडनमधल्या नव्या सरकारनं दुसरी शाही नौका बांधायला नकार दिला होता. ही नौका आपल्याकडे यावी म्हणून तिथल्या शहरांत चुरस लागली आणि लीथनं बाजी मारली. १९९८ च्या ऑक्टोबरात ती लोकांसाठी खुली झाली, म्हणजे वर्षही उलटलं नव्हतं.

'विक्रांत'ही मूळची इंग्लंडचीच. 'हर्क्युलिस' या नावानं १९४५ मध्ये पाण्यात उतरलेलं आणि युद्ध संपल्यामुळे अर्धवट राहिलेलं हे विमानवाहू जहाज भारतानं १९५७ मध्ये घेतलं. बेलफास्टला ते पूर्ण झालं आणि ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत नौदलात आलं. १९७१ च्या डिसेंबरात एक बॉयलर तडकलेला असूनही ते बंगालच्या उपसागरात उभं राहिलं. त्याच्या डेकवरून उडालेल्या सी हॉक आणि अलीझे विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर मारा केला. बांगलादेशच्या जन्मात ज्याचा थेट हात आहे, असं जहाज मुंबईत उभं होतं.

२००१ मध्ये नौदलानं त्याचं तरंगतं संग्रहालय केलं. नौदल सप्ताहात शाळांच्या सहली यायच्या, रांगा लागायच्या. पण ते संरक्षित गोदीत होतं, त्यामुळे वर्षभर खुलं ठेवणं अवघड होतं. ऑयस्टर रॉकजवळ ते कायमचं उभं करावं अशी योजना निघाली, खाजगी भागीदार शोधला गेला, तो मिळाला नाही. २०१२ मध्ये ते असुरक्षित म्हणून बंद झालं. २०१४ मध्ये ६० कोटींना भंगारात विकलं गेलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण जहाज वाचलं नाही. त्याच नोव्हेंबरात दारूखान्याच्या किनाऱ्यावर गॅस कटर लागले. थोडं पोलाद एका मोटरसायकल कंपनीनं घेऊन गाडीत वापरलं. २०१६ च्या जानेवारीत नौदल गोदीच्या लायन गेटजवळ त्याच्याच धातूचं एक स्मारक उभं राहिलं. २१३ मीटर लांबीच्या जहाजाच्या जागी रस्त्याच्या चौकातला एक पुतळा, हे अजूनही बोचतं आणि बोचायलाच हवं.

अर्थात तुलना करताना अडचण नाकारता येणार नाही. 'विक्रांत'चा पसारा 'ब्रिटानिया'च्या कितीतरी पट. त्यातून लोखंडी जहाज पाण्यात नुसतं उभं ठेवणं म्हणजे भाकड गाय दावणीला सांभाळणं, चारा-पाणी रोजचं आणि दूध नाही. खारं पाणी तळ खातच राहतं. 'ब्रिटानिया'लाही २०१२ मध्ये कोरड्या गोदीत न्यावं लागलं होतं. फरक मालकीत आहे. लीथची नौका एका स्वतंत्र न्यासाच्या ताब्यात आहे. तो न्यास सरकारी अनुदानावर चालत नाही. तिकीट, डेकवरचं चहाघर, संध्याकाळच्या मेजवान्या, दुकान, यांतून पैसा येतो आणि तो त्याच नौकेच्या रंगरंगोटीला, लाकडाला, पत्र्याला लागतो. वर्षाला लाखो माणसं येतात. शेजारीच 'फिंगल' ही दीपगृहांना रसद पुरवणारी जुनी बोट त्यांनी घेतली आणि २०१९ मध्ये तिचं हॉटेल केलं, म्हणजे कमाईची आणखी एक सोय. 'विक्रांत'ला असा एकच एक धनी मिळाला नाही. नौदल राज्याकडे बोट दाखवायचं, राज्य खाजगी भागीदाराकडे, आणि मधे गंज काम करत राहिला.

हे भारतात जमतच नाही असंही नाही. विशाखापट्टणमची 'कुरसुरा' पाणबुडी १९६९ मध्ये सोव्हिएत युनियनकडून आली, २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ च्या ऑगस्टमध्ये रामकृष्ण बीचवर संग्रहालय म्हणून उघडली. तिला पाण्यात ठेवलंच नाही. किनाऱ्यावर ओढून पायावर बसवलं आणि शहराच्या विकास प्राधिकरणानं जबाबदारी घेतली. आत शिरणाऱ्याला वाकून, अंग चोरून चालावं लागतं आणि टॉर्पेडोच्या नळ्यांशेजारी खलाशी कसे झोपत असतील, ते त्या दोन पावलांच्या जागेत उभं राहिलं की उमगतं. शाळेच्या सहलीला जे पुस्तक सांगत नाही ते हेच.

महाराष्ट्रालाही पुन्हा एक संधी आली आहे. २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौदलाची नौका राज्याच्या पर्यटन महामंडळाला मिळाली. सिंधुदुर्गातल्या निवतीच्या खडकांजवळ तिला समुद्रतळाशी उतरवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलं आहे. या मार्गात गंजाशी झगडा नाही, नौकेवर प्रवाळ आणि मासे वस्तीला येणार हेच गृहीत धरलेलं असतं. मात्र ती बघायला पाणबुड्याचा पोशाख चढवणारे किंवा पाणबुडीत बसू शकणारेच जाणार. देवणीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पोरांना जहाजाच्या डेकवर चालायचं असेल, तर त्यांना आजही एसटी-रेल्वे करत लांबचा पल्ला गाठावा लागेल.

पुढच्या आठवड्यात समुद्र सोडून रुळांवर. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंद्यांच्या जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांपुढे मद्याच्या सुरया आणि चिरूट घेऊन फिरणारी चांदीची छोटी आगगाडी आहे, आणि दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात बडोद्याच्या गायकवाडांचा १८८६ सालचा डबा. दोन्ही शाबूत आहेत आणि दोन्ही बघता येतात.