चार बोटं वर

भोवरा पुन्हा डावीकडे कलतो, घसरतो आणि टक् करून उलटा चिकटतो. मामा त्याला अंगठ्याच्या नखाने सोडवतात. सकाळपासून किती वेळा सोडवला, ते मोजायचं मी केव्हाच सोडून दिलंय.

"डावीकडं गेला," नात म्हणते. "डावीकडचा बोल्ट वर घ्या, आबा."

"घेतो की."

मामा पाटाचा बोल्ट पाव फेरा फिरवतात. ज्या बाजूला पडेल ती बाजू उचलायची, एवढाच नियम. पाटावर पाणसळ ठेवलेली आहे आणि तिचा बुडबुडा बरोबर मधोमध आहे. पण भोवऱ्याला पाणसळीचं मत मान्य नाही. त्याच्या लेखी सपाट म्हणजे वेगळं काहीतरी.

कोल्हापुरात मामांच्या घरामागची ही पत्र्याची शेड. चाळीस वर्षं उद्यमनगरात टर्नर म्हणून काम केलं. निवृत्त होताना एक जुना लेथ विकत घेऊन इथे आणून ठेवला. मे महिना आहे, दुपारचे बारा वाजायला आलेत आणि डोक्यावरचा पत्रा तडतड वाजतोय. नात यंदा बारावीला. सुट्टीत दोघांनी मिळून ठरवलंय, भोवरा हवेत फिरवायचा. दोरी नको, काच नको, वीज नको. खाली एक लोहचुंबक, वर एक लोहचुंबक, मध्ये नुसती हवा.

खालचा चुंबक आलाय गणपतीच्या मिरवणुकीत जळालेल्या एका वूफरमधून. काळी, जाडजूड, मधे भोक असलेली चकती. तिला चिकटवलेले लोखंडी पत्रे सुटावेत म्हणून मामांनी ती दोन दिवस थिनरमध्ये बुडवून ठेवली होती. वरचा चुंबक बांगडीहूनही लहान, तोही काळाच. त्याच्या भोकात मामांनी नायलॉनची दांडी कातून बसवली आहे, खाली टोक, वर चिमटीत धरायला दांडा. चकती कातायचा प्रयत्न त्यांनी केला नाही असं नाही. पहिली चकती चकमध्ये धरली आणि टूल लागताच तिचा टवका उडाला. "दिसतंय लोखंडासारखं," मामा मला सांगतात, "पण जात कपबशीची." फेराइट म्हणजे भाजलेली मातीच, फक्त लोहाच्या ऑक्साइडची, ही जात ओळखायला त्यांना फक्त एक टवका लागला.

नातीच्या वहीत पहिल्या पानावर एक नाव आहे: सॅम्युअल अर्नशॉ, 1842. या इंग्रज गणितज्ञाने दाखवून दिलं, की स्थिर चुंबकांची कशीही मांडणी केली तरी त्यांच्या बळावर दुसरा चुंबक अधांतरी स्थिर उभा राहणार नाही. वर-खाली सावरलात तर कडेने निसटेल, कडेने सावरलात तर वर-खाली. सिद्धांत आजही पक्का आहे. फिरणाऱ्या चुंबकाबद्दल मात्र त्याला काही म्हणायचं नाही, आणि त्याच फटीतून अमेरिकेतला रॉय हॅरिगन आत शिरला. त्याने चुंबकी भोवरा हवेत तरंगवला आणि 1983 साली पेटंट घेतलं. पुढे लेव्हिट्रॉन नावाने असं खेळणं दुकानात आलं. ते का तरंगतं याचं नीट गणित ब्रिस्टलचे मायकेल बेरी यांनी मांडलं ते 1996 साली. खेळणं आधी, समीकरण मागाहून. मामांना हा क्रम फार आवडलाय.

फिरणारा भोवरा उलटत नाही म्हणून टिकतो, हे अर्धंच उत्तर. भोवरा किंचित कडेला सरकला की तिथली चुंबकीय रेषा थोडी तिरपी असते. भोवऱ्याचा आस त्या रेषेभोवती डुलत राहतो, तिच्या कलाने कलतो, आणि म्हणून पुन्हा मधे ढकलला जातो. फारच जोरात फिरवला तर आस ताठ राहतो, रेषेला जुमानत नाही, आणि भोवरा घरंगळतो. हळू पडला तर उलटतो. म्हणजे जोर हवा, पण बेताचा. सुदैवाने माणसाच्या चिमटीत साधारण तेवढाच जोर असतो.

"आबा, वजन चुकतंय," नात म्हणते. "थांबा, मी बघतो."

ती भोवरा काट्यावर ठेवते. सोनार वापरतात तसला छोटा काटा, शंभरावा भाग दाखवणारा. 20.90 ग्रॅम. काल सकाळी याच वजनावर भोवरा आठ-दहा सेकंद टिकला होता. आज खालच्या चुंबकावर ठेवलेल्या ॲक्रिलिकच्या पाटीवरून उठायलाच तयार नाही, उठलाच तर धडपडतो.

ती भिंतीवरचा तापमापक बघते. काल 26 होतं, आत्ता 34. फेराइट तापलं की दर अंशामागे सुमारे 0.2 टक्के कमजोर होतं. इथे चुंबक दोन, म्हणून घट दुप्पट. ती वहीच्या कोपऱ्यात गुणाकार करते. आठ अंशांना जवळपास साडेसहा दशांश ग्रॅम.

"एवढं उन्हानं खाल्लं?" मामा विचारतात.

"एवढं."

दांड्यावरचा पितळी वायसर निघतो, त्याजागी पातळ वायसर बसतो. 20.17. आता हलका झाला. पाटी उचलताच भोवरा बेडकासारखा उडी मारून बाजूला पडतो. मग चिकटपट्टीचा तुकडा. 20.22. मग नेलपॉलिशचा एक थेंब, तोही जिकडे चकती हलकी आहे त्या बाजूला, कारण बाजारातल्या चकतीच्या भोकाचा मध्य आणि तिच्या वजनाचा मध्य क्वचितच एक असतो. थेंब वाळेपर्यंत तिघंही गप्प. मामा थेंबावर फुंकर घालतात.

20.24.

मामा भोवरा पाटीवर उभा करतात. चिमट. फिरकी. भोवरा आधी थरथरतो, मग त्याची थरथर विरते आणि नुसता बारीक गुंजारव उरतो. नात दोन्ही हातांनी पाटी धरते आणि वर घ्यायला लागते. इतकी हळू, की पाटी हलतेय हे मला भिंतीवरच्या सावलीतून कळतं. एक बोट. दोन. तीन. चौथ्या बोटाला भोवरा पाटी सोडतो.

ती पाटी खाली नेते, बाजूला काढते.

भोवरा तिथेच. गुंजारवही थांबलाय, टोक कशालाच टेकलेलं नाही, तर आवाज यायचा कुठून? तो वर-खाली जरासा झोके घेतो, पाण्यावरच्या बुचासारखा. मामा खिशातलं दुधाचं बिल काढतात आणि भोवऱ्याखालून आरपार सरकवतात. पुन्हा एकदा सरकवतात. लहानपणी ते भोवरा जमिनीला न टेकवता तळहातावर झेलायचे, असं आई सांगायची. आत्ता त्यांचा तळहात त्याच आकारात उघडलाय, भोवऱ्याखाली, झेलायला तयार.

"चाळीस," नात कुजबुजते. "पन्नास. साठ."

डुलणं वाढतं. डोकं मोठमोठी वर्तुळं काढायला लागतं. मिनिटाला हजारेक फेऱ्यांच्या खाली आला की याचं काही खरं नसतं. एक्काहत्तराव्या सेकंदाला तो मामांच्या बोटांना चाटून जातो आणि खालच्या चकतीवर आदळतो.

मामा त्याला नखाने सोडवतात, उजेडात धरतात. कडेला तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडालाय. ते काही न बोलता भोवरा काट्यावर ठेवतात आणि चष्मा कपाळावर सरकवून आकडा स्थिर व्हायची वाट बघतात.

"20.17," नात म्हणते, आणि नेलपॉलिशची बाटली उघडते.