पाण्याखालचे पराक्रमी

दिवाळीत आपण ज्यांची पूजा करतो, त्यांतली दोन दैवते पाण्यातून वर आलेली आहेत, हे कधी ध्यानात आले आहे का? धनत्रयोदशीचा धन्वंतरी हातात अमृताचा कलश घेऊन समुद्रातून निघाला. लक्ष्मीपूजनाची लक्ष्मी तर समुद्राची लेकच! आणि ही दोघे वर यावीत म्हणून मंदार पर्वताचा सारा भार पाठीवर घेऊन तळाशी बसला होता तो कूर्म. वर देवदानवांची रस्सीखेच चालली, रत्नांची वाटणी झाली, अमृतावरून हातघाई झाली. तळाशी बसलेल्या कासवाला त्यातला थेंबभर वाटा मिळाल्याचे मात्र कोणी सांगत नाही. पाण्याखालच्या नायकांची आपली परंपरा ही अशी सुरू होते.

आता नांदेड जिल्ह्यातले नायगाव घ्या. येथून कोणत्याही दिशेने निघा, चारशे किलोमीटर मागे पडल्याखेरीज समुद्राचे दर्शन नाही. पावसाने डोळे वटारले की या भागात प्यायच्या पाण्याचीच पंचाईत. पण तिथल्या एखाद्या पोराला विचारून पाहा, ‘काय रे, पाण्याच्या तळाशी काय असतं?’ नाग असतो, सुसर असते, डोहात साती आसरा असतात, आणि फार खाली गेले तर सोन्याची द्वारका असते, असे उत्तर तो तोंडपाठ देईल. मुंबईच्या मुलाला समुद्र म्हणजे चौपाटी आणि भेळ. ज्याने समुद्र पाहिलेलाच नाही, त्याच्या मनातला समुद्र फार खोल असतो!

म्हणूनच की काय, पाण्याखाली पराक्रम करणारा वीर म्हटला की लहानथोर सारेच कान टवकारतात. मग तो पोथीतला असो, चित्रकथेतला असो, नाहीतर सिनेमाच्या पडद्यावरचा. यंदाच्या दिवाळीत अशाच काही मंडळींची गाठ घेऊ. त्यांतला एक तर असा आहे, की सारे जग त्याला परदेशी समजते आणि तो निघतो आपल्या झाशीच्या राणीचा शेजारी! पण त्याची पाळी शेवटी.

गुरुदक्षिणा आणि हत्तीचे बळ

पहिला मान अर्थात कृष्णाचा. कालियाच्या डोहात त्याने घेतलेली उडी शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. दुसरी बुडी तितकी प्रसिद्ध नाही, पण मला विचाराल तर ती अधिक मोलाची. सांदीपनी गुरूंकडचे शिक्षण संपले, तेव्हा गुरूंनी दक्षिणा मागितली ती प्रभासच्या समुद्रात बुडालेल्या आपल्या मुलाची. कृष्ण समुद्रात शिरला. तेथे शंखाच्या रूपात राहणाऱ्या पंचजन नावाच्या दैत्याला त्याने मारले. पण मुलगा काही त्याच्या पोटात सापडला नाही. तेव्हा तो शंख घेऊन कृष्ण थेट यमाच्या दारी गेला आणि गुरुपुत्राला घेऊन परतला. कुरुक्षेत्रावर वाजलेला पांचजन्य तो हाच. एका आईबापाचे बुडालेले लेकरू शोधायला गेलेल्या माणसाच्या हाती तो लागला होता, हे त्या शंखनादात कोणाच्या लक्षात येते?

भीमाची गोष्ट निराळी. तो बिचारा आपण होऊन पाण्यात उतरलाच नव्हता. दुर्योधनाने त्याला गंगेकाठी प्रमाणकोटीस खाण्यातून विष चारले, वेलींनी बांधले आणि प्रवाहात ढकलून दिले. भीम थेट नागलोकात जाऊन पडला. नाग डसले, तेव्हा विषाने विष उतरले! मग आर्यक नागाने त्याला नात्यातला म्हणून ओळखले, वासुकीने रसाची कुंडे पुढे केली. एकेका कुंडात हजार हत्तींचे बळ. आपल्या भीमाने एकेका दमात एकेक अशी आठ रिचवली आणि आठवड्याची ताणून दिली. ज्याला बुडवायचे म्हणून बुडवले, तो दुप्पट ताकदीने वर आला. शाळेत मार खाणाऱ्या कोणत्या मुलाला ही गोष्ट आवडणार नाही?

आणि मौज पाहा, याच महाभारतात पाण्याखाली जाणारा आणखी एक आहे. पण त्याला कोणी नायक म्हणत नाही. युद्ध हरल्यावर दुर्योधन द्वैपायन डोहात शिरला, मायेने पाणी थिजवून तळाशी दडून बसला. डोह तसाच, बुडी तशीच. पण कृष्ण गेला तो कोणाला तरी आणायला, आणि हा गेला तोंड लपवायला. म्हणजे पाण्यात कोण किती खोल गेला यावर नायकपण ठरत नाही. तो कशासाठी गेला आणि वर येताना काय घेऊन आला, त्यावर ठरते. हे माप हाताशी असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

दोन जगांची मुले

गंगाद्वारी स्नानाला उतरलेल्या अर्जुनाला उलूपी या नागकन्येने पाण्याखाली ओढून नेले. त्यांचा मुलगा इरावान. बाप जमिनीवरचा, आई पाण्यातली. पुढे कुरुक्षेत्रावर बापाच्या बाजूने लढताना तो मारला गेला.

आता थेट अमेरिकेत चला. १९३९ साली बिल एव्हरेट नावाच्या चित्रकाराने नेमॉर हा वीर कागदावर उतरवला. बाप जहाजाचा कप्तान, आई समुद्रतळाच्या राज्याची राजकन्या. ‘रोमन’ हा शब्द उलटा वाचला आणि नाव तयार झाले! दोनच वर्षांनी, १९४१ साली, मॉर्ट वाइझिंगर आणि पॉल नॉरिस या जोडीने अ‍ॅक्वामॅन आणला. त्याची जन्मकथा पुढे बदलली आणि तोही दीपगृहाच्या रखवालदाराचा आणि सागरकन्येचा मुलगा ठरला. या चित्रकारांनी इरावानाचे नावही ऐकले नसेल. पण कल्पना जाऊन पोहोचली त्याच ठिकाणी. दोन्हीकडचा म्हणून दोन्हीकडे थोडा परका, असा हा मुलगा. गाव सोडून पुण्या-मुंबईला आलेल्या आणि सुटीत गावी गेल्यावर ‘पाहुणा’ ठरणाऱ्या आपल्या मुलांना त्याचे दुःख समजावून सांगायला नको.

दोघांचेही नशीब पुढे फळफळले. अ‍ॅक्वामॅनची माशांशी बोलतो म्हणून बरीच वर्षे टवाळी झाली, आणि २०१८ सालच्या चित्रपटाने त्याला एकदम ऐटबाज केले. तो चित्रपट अमेरिकेच्या आधी आठवडाभर आपल्याकडे लागला होता! नेमॉर २०२२ साली पडद्यावर आला तो नव्या कुळकथेसह. स्पॅनिश आक्रमणाच्या काळात समुद्राखाली जाऊन वसलेल्या, मेक्सिकोकडच्या मूळ रहिवाशांचा तो राजा झाला. परक्यांच्या जुलमाने जमीन सुटली की माणूस पाण्याचा आसरा घेतो, ही कल्पना चित्रपटवाल्यांना नवी वाटली असेल. तिचा मूळपुरुष मात्र दीडशे वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे. त्याच्याकडे आता येतोच.

तत्पूर्वी एका जुन्या दोस्ताला रामराम करू. १९६४ साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू झाले, ते मराठीतही येऊ लागले आणि १९९० पर्यंत टिकले. त्यांतल्या बुरखेधारी ‘फँटम’ला मराठीने नाव दिले ‘वेताळ’. गावच्या वेशीवरच्या देवाचेच नाव मिळाल्यावर तो परका कशाला राहील? हा वेताळ खरा जंगलातला. पण सॉलोमन आणि नेफर्टिटी हे त्याचे दोन डॉल्फिन ज्यांनी चित्रांत पाहिले, त्यांना आपल्याही विहिरीत एखादा डॉल्फिन असावा, असे वाटल्यावाचून राहिले नाही.

नेमो म्हणजे कोणीच नव्हे

आणि आता तो शेजारी. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची समुद्राखालच्या वीस हजार लीगांच्या प्रवासाची कादंबरी १८६९-७० साली क्रमशः निघाली. वीस हजार लीग ही खोली नव्हे बरे का, ते अंतर! सुमारे ऐंशी हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला दोन प्रदक्षिणा. विजेवर चालणारी ‘नॉटिलस’ ही पाणबुडी आणि तिचा गूढ कप्तान नेमो. लॅटिन भाषेत नेमो म्हणजे ‘कोणीच नव्हे’. हा गृहस्थ कोण, कुठला, जमिनीवर पाय का ठेवत नाही, याचा उलगडा त्या पुस्तकात होत नाही. व्हर्नच्या मनात तो पोलंडचा होता. रशियाने ज्याचे घरदार मातीत मिळवले असा. पण रशियातला खप आणि रशियाची मर्जी, दोन्ही सांभाळायची असल्याने प्रकाशकाने खोडा घातला.

उलगडा झाला तो १८७४-७५ सालच्या ‘गूढ बेट’ या पुढच्या कादंबरीत. मरणाला टेकलेला नेमो आपले खरे नाव सांगतो: राजपुत्र डक्कर. बुंदेलखंडातल्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाचा पुतण्या. दहाव्या वर्षी शिकायला युरोपात गेला, परतला, लग्न केले, दोन मुले झाली. मग १८५७ साल उजाडले. तो लढला, जखमी झाला. बायकामुले गेली, राज्य गेले. तेव्हा वीस इमानी सोबत्यांना घेऊन त्याने एका निर्जन बेटावर पाणबुडी बांधली आणि जेथे कोणाचे साम्राज्य पोहोचत नाही अशा ठिकाणी, म्हणजे पाण्याखाली, बिऱ्हाड हलवले.

बुंदेलखंडातला राजा आणि म्हैसूरचा टिपू यांची सोयरीक व्हर्नने कशी जुळवली ते तोच जाणे! शिवाय टिपू पडला १७९९ साली. पण चुका बाजूला ठेवा आणि नकाशा उघडा. बुंदेलखंड म्हणजे छत्रसालाचा मुलूख, बाजीराव ज्याच्या मदतीला धावला तो. झाशी तिथलीच, आणि त्या झाशीची राणी माहेरची तांबे! डक्कर खरोखर असता, तर १८५७ साली तो लक्ष्मीबाईच्या आणि तात्या टोप्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला असता. नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले. त्यांना व्हर्नने १८८० सालच्या दुसऱ्या एका कादंबरीत खलपुरुष करून आणले. एकाच लेखणीने एक बंडवाला काळा रंगवला आणि दुसरा समुद्राचा राजा केला.

तरीही भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, तेव्हा किती जणांना ठाऊक असेल, की हा नेमो आपल्यापैकीच? १८७० च्या सुमाराच्या चित्रांत तो युरोपियन दिसतो. १९५४ च्या डिस्नेच्या चित्रपटात जेम्स मेसन हा इंग्रज नट नेमो झाला. १९९९ साली अ‍ॅलन मूर आणि केव्हिन ओनील यांनी एका चित्रकथेत त्याच्या डोक्यावर पगडी चढवली, आणि २००३ साली तिच्यावरच्या चित्रपटात नसीरुद्दीन शाह नेमो झाले. घरी यायला त्याला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला.

आता आपले मघाचे माप काढा. नेमो कृष्णासारखा गेला, की दुर्योधनासारखा? पहिल्या पुस्तकात तो सूडाने पेटून जहाजे बुडवतो. तेवढ्यापुरता तो द्वैपायन डोहातलाच. पण त्याच पुस्तकात सिंहलद्वीपाजवळ एक गरीब पाणबुड्या शिंपले काढत असतो, त्याच्यावर शार्क झेप घेतो, आणि नेमो हातात सुरा घेऊन मध्ये पडतो. त्याला वाचवून वर मोत्यांची थैली देतो, आणि नंतर सांगतो की हा दडपलेल्या देशातला माणूस आहे व मीही त्यांच्यातलाच. ‘गूढ बेटा’त तर हा म्हातारा वादळात सापडलेल्या परक्या माणसांना लपून लपून अवजारे पुरवतो, मरायला टेकलेल्या पोरासाठी रात्रीतून औषध ठेवून जातो. शेवटी ‘नॉटिलस’च त्याची समाधी होते. स्वतः तो वर आला नाही. पण त्याने दुसऱ्यांना वर काढले. म्हणून तो दुर्योधन झाला नाही.

घागर काढणारा

या थोरामोठ्यांच्या रांगेत शेवटी एका बिननावाच्या वीराला जागा द्यायला हवी. मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात विहिरीत घागर पडली की आधी गळ टाकतात. गळाला लागली नाही की मग कोणाला तरी हाक जाते. तो येतो, सदरा काढून काठावर ठेवतो, श्वास कोंडतो आणि दिसेनासा होतो. काठावरची पोरे आकडे मोजतात. तीस, चाळीस, पन्नास... आणि बुडबुड्यांमागून घागरीचा काठ दिसतो. कधी त्याला काढायची असते ती घागर नसते. त्या दिवशी पोरे आकडे मोजत नाहीत.

उन्हाळ्याच्या सुटीत तळ्यात, विहिरीत, खाणीच्या खड्ड्यात मुले बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये तर नायगावला लागून असलेल्या मुखेड तालुक्यात पाणीच गावांत शिरले, आणि आपत्ती प्रतिसाद दलाचे व लष्कराचे जवान पुरात उतरून माणसे काढत होते. त्यांच्या हातात त्रिशूल नव्हता, अंगावर खवले नव्हते.

तेव्हा आईबापहो, मुलांच्या हाती वेताळ द्या, नेमो द्या, अ‍ॅक्वामॅनही खुशाल द्या. पण त्याबरोबर एखाद्या जाणत्या माणसाच्या नजरेखाली त्यांच्या पाठीला डबा किंवा भोपळा बांधून त्यांना पोहायलाही शिकवा. आणि मुलींनाही! लक्ष्मी समुद्रातून वर आली तेव्हा तिला पोहता येत होते की नाही, हे पुराणात लिहिलेले नाही. पण आपल्या घरच्या लक्ष्मीला ते आलेच पाहिजे.