आरमाराचं लाकूड, रयतेची झाडं

शिवजयंती जवळ आली की आमच्या बीबी गावात मोबाइलवर एक संदेश हमखास फिरतो: ‘झाडे तोडू नका, शिवरायांचे आज्ञापत्र’. जिजाऊंचं सिंदखेडराजा याच रस्त्यावर पुढे, त्यामुळे उत्साह अंमळ जास्तच. पण आज्ञापत्र लिहिलं रामचंद्रपंत अमात्यांनी, १७१५-१६च्या सुमारास. महाराज १६८० मध्येच गेले होते. अमात्यांनी त्यांच्या हाताखाली काम केलेलं, म्हणून धोरण त्याच वळणाचं मानता येईल. हुकूम मात्र महाराजांच्या सहीचा नाही.

त्यात सरसकट तोडबंदीही नाही. हा मजकूर आरमाराच्या प्रकरणातला आहे. गलबतांना लाकूड तर हवंच. मग सागासारखी झाडं हुजुरांच्या परवानगीने राज्यातल्या रानातून तोडावीत, आणखी लागेल ते परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसही जहाजाच्या कामाचे. पण त्यांना हात लावायचा नाही, कारण ती झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली. एखादं जीर्ण झाड घ्यायचंच झालं तर धन्याला राजी करून, पैसे मोजून. निसर्गप्रेमाच्या पोस्टरवर हे शेवटचं कलम कधी येत नाही, आणि मला तर तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

झाडांबद्दलचा दुसरा समज शाळेतला: १९३० साली कोकणात मिठाचा सत्याग्रह, वऱ्हाडात गवताचा. पुसदला १० जुलैला लोकनायक अणे यांनी जंगल सत्याग्रह केला, तो आपल्याला ठाऊक असतो. पण त्याच वर्षी २५ सप्टेंबरला कोकणातही, उरणजवळच्या चिरनेरला, अक्कादेवीच्या डोंगरावर लोक कोयते घेऊन चढले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. नाग्या कातकरी यांच्यासह आठ सत्याग्रही गेले. मामलेदारही त्या दिवशी ठार झाले.

तिसरा समज सर्वांत चिवट: किनाऱ्याचं जंगल आदिवासींनी खाल्लं. ठाणे आणि पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. झाडाच्या फांद्या छाटायच्या, त्या वाळल्या की शेण, गवत, माती घालून वाफ्यावर पसरून जाळायच्या. छाटलेल्या ऐनाला पुन्हा फुटवा येतो. सरकारी वनखात्याला मात्र ही नासाडी वाटली, आणि त्याच्या निर्बंधांविरुद्ध लोकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. तोवर गोदीतली जहाजं सागावर उभी राहिली होती आणि रेल्वेच्या रुळांखालीही लाकूडच जात होतं. ते लाकूड शेतकऱ्याच्या वाफ्यात गेलेलं नव्हतं.

पुढे ठाण्याच्या जंगलात ठेकेदारांची कुऱ्हाड चालली ती वारली आदिवासींच्याच हातांनी, तीही कवडीमोल मजुरीवर. १९४६ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेसोबत वारल्यांनी संप केला. जंगलकामाला दिवसाला किमान सव्वा रुपया, ही त्यांची मागणी होती.