प्रार्थनामंदिराची झाली संगीतशाळा

जुन्या वास्तूचा उपयोग संपला म्हणजे तिची देखभाल थांबते, आणि देखभाल थांबली म्हणजे तिच्या पडझडीस आरंभ होतो. अशा वास्तूचे करावयाचे काय, हा प्रश्न सर्वच देशांपुढे उभा असतो. लंडनमधील ओल्ड स्ट्रीटवरील सेंट ल्यूक्स या चर्चचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. सुमारे चार दशके छपराविना उभी असलेली ही वास्तू २००३ साली संगीतशिक्षणाचे केंद्र म्हणून पुन्हा खुली झाली.

कोळशाच्या करातून उभारणी

अठराव्या शतकाच्या प्रारंभी लंडनची वस्ती झपाट्याने वाढत होती. नव्या वस्त्यांना प्रार्थनास्थळे अपुरी पडू लागल्याने ब्रिटिश पार्लमेंटने १७११ साली पन्नास नवी चर्चे बांधण्यासाठी कायदा केला. त्यासाठी लागणारा पैसा लंडनमध्ये येणाऱ्या कोळशावरील करातून उभा करावयाचा होता. खर्च मात्र अंदाजाबाहेर गेला आणि प्रत्यक्षात बाराच्या आसपास चर्चे उभी राहिली. सेंट ल्यूक्स हे त्यांपैकी शेवटच्या काहींतील एक. ते १७३३ साली पूर्ण झाले.

जॉन जेम्स आणि निकोलस हॉक्समूर या दोन वास्तुशिल्पज्ञांनी त्याचा आराखडा केला. हॉक्समूर हा सेंट पॉल कॅथीड्रलचा रचनाकार ख्रिस्तोफर रेन याच्या हाताखाली तयार झालेला होता. या चर्चचा मनोरा पाहताच लक्ष वेधून घेतो. नेहमीच्या निमुळत्या शिखराऐवजी त्यावर प्राचीन इजिप्तमधील स्तंभाच्या धर्तीचा, उभ्या पन्हळींचा दगडी सुळका आहे. अक्षरांचे ठसे ओतणारा विख्यात कारागीर विल्यम कॅस्लन याला याच चर्चच्या आवारात पुरले आहे.

खचलेली जमीन, उतरविलेले छप्पर

वास्तूचे दुखणे तिच्या पायाखालीच होते. जमीन भक्कम नसल्याने इमारत असमान खचू लागली व भिंतींना तडे गेले. अखेर उपासना बंद करावी लागली आणि १९६० च्या दशकात सुरक्षिततेसाठी छप्पर उतरविण्यात आले. आतील काही साहित्य अन्यत्र गेले. ऑर्गन या वाद्याची कोरीव लाकडी पेटी जवळच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये बसविण्यात आली. उघड्या पडलेल्या अंतर्भागात झाडे वाढली. संरक्षित वास्तूंच्या यादीत तिला सर्वोच्च श्रेणी होती. परंतु यादीतील नोंदीने छप्पर परत येत नाही, हेही या काळात दिसून आले.

नवे काम, जुन्या भिंती

१९०४ साली स्थापन झालेल्या लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा या वाद्यवृंदाला तालमींसाठी आणि शिक्षणकार्यासाठी जागा हवी होती. त्याचे नेहमीचे सभागृह, बार्बिकन केंद्र, येथून जवळच आहे. लेविट बर्नस्टीन या वास्तुशिल्प संस्थेने पुनर्रचनेचा आराखडा तयार केला. बांधकामापूर्वी तळघरातील व आवारातील दफनांचा प्रश्न सोडविणे भाग होते. पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली एक हजाराहून अधिक मृतांचे अवशेष काढून नोंदविण्यात आले.

नव्या छपराचा भार जुन्या भिंतींवर न टाकता आत उभारलेल्या उंच पोलादी स्तंभांवर घेण्यात आला. हे स्तंभ वरच्या बाजूस झाडाप्रमाणे फांद्यांत विभागतात. भिंतींवरील जुन्या खुणा झाकून न टाकता तशाच ठेवल्या आहेत. त्यामुळे जुने कोणते आणि नवे कोणते, हे पाहणाऱ्यास सहज कळते. तळघरातील जागाही वर्गांसाठी उपयोगात आली.

आज येथे तालमी व मैफली होतात. शाळकरी मुले, तरुण वादक व परिसरातील सामान्य नागरिक यांच्यासाठी संगीताचे उपक्रम चालतात. पाश्चात्त्य वाद्यांबरोबर इंडोनेशियातील गॅमेलान या वाद्यसमूहाचेही शिक्षण दिले जाते.

बोध

या कामातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. वास्तूला तिच्या स्वभावाशी जुळणारा उपयोग मिळाला पाहिजे. सामुदायिक गायनासाठी बांधलेल्या उंच दालनाला संगीत मानवले, ते याच कारणाने. दुसरे, नवे बांधकाम जुन्याला भार न होता आधार देणारे असावे. तिसरे, तेथील दफनांचा व परंपरेचा मान राखूनच बदल व्हावा. एवढे पथ्य पाळल्यास पडकी वास्तू पुन्हा गावाच्या उपयोगी पडते, आणि रोज वापरात असलेल्या वास्तूची निगा आपोआप राखली जाते.